ईएसआयच्या कुंपणाबाहेरचा कोयता

दरवर्षी १४ एप्रिलला आपण अभिमानाने सांगतो की कामगारांना ईएसआय बाबासाहेबांनी दिली. याला इतिहासाचा आधार आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला. पण आपण इतिहास इथेच थांबवतो. या कायद्याबाहेर कोण राहिले, हे विचारत नाही.

हा कायदा मोसमी कारखान्यांना लागू नव्हता आणि साखर कारखाना मोसमी गणला जातो. ज्या साखरेवर महाराष्ट्राची सत्ता पोसली, तिलाच सूट! त्यात ऊसतोड कामगार कारखान्याच्या हजेरीपटावरही नाही. उचल मुकादमाकडून, म्हणून माणूसही मुकादमाचा. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा कायदा आला, तो आंतरराज्य मजुरांपुरता. बीडचा कोयता कोल्हापूरला गेला तर त्यात बसत नव्हता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ईएसआयमधून मोसमी कारखाना वगळलेलाच ठेवला.

कोणी म्हणेल, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना? आहे. पण ती इस्पितळाचा खर्च उचलते, बुडालेली मजुरी देत नाही. ईएसआयचा पात्र कामगार आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते, बाळंतपणाला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. फडातल्या बाईला मात्र आजारपणाचा खाडा पडतो आणि दंड उचलीत चढतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा परवडत नाही म्हणून अवयवच काढायचा, ही कसली निवड?

कोयता हाती असलेले बहुसंख्य लोक दलित, भटके-विमुक्त, वंजारी, बंजारा आणि भूमिहीन आहेत. म्हणून 'मोसमी' हा शब्द आम्हाला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. काम सहा महिन्यांचे असते, शरीर बारा महिन्यांचे असते.

आमची मागणी सरळ आहे : कारखान्याला मालक ठरवा, त्याच्याकडून विम्याचा हप्ता घ्या, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. येत्या जयंतीला ईएसआयचे श्रेय सांगताना ही मागणीही त्याच व्यासपीठावरून करू या.

जय भीम!