भाकरतुकड्याचं भांडण

आमच्या गटातल्या एक ताई रोज दारात कुत्र्यांना भाकरी घालतात. शेजारीण म्हणते, "माझं लेकरू भिऊन अंगणात उतरत नाही." दोघींचं बोलणं बंद झालं. पण हे भांडण जुनंच आहे.

सन 1832. मुंबईत कंपनी सरकार मोकाट कुत्री मारायला लावायचं, एका कुत्र्यामागे आठ आणे द्यायचं. पारशी धर्मात कुत्र्याला मान, अंत्यविधीतही त्याला स्थान. 6 जूनला चिडलेल्या पारशांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. इतर समाजही सामील झाले, गोऱ्या पलटणीची रसद अडली. दंग्यातून धरपकड झाली. मार्ग निघाला तो जमशेटजी जीजीभाईंसारख्यांनी मध्यस्थी केल्यावर. कुत्री न मारता शहराबाहेर सोडायचं ठरलं.

केंद्र सरकारचे 2023 चे नियम सांगतात, नसबंदी करून, रेबीजची लस टोचून कुत्रं त्याच भागात सोडायचं. खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी, वेळही ठरलेली हवी.

आम्ही दोघींना एकत्र बसवलं. लेकराची भीती खरी, मुक्या जिवाची भूकही खरी. आता ताई गल्लीच्या टोकाला, पोरं घरात गेल्यावर भाकरी घालतात. शेजारणीचा राग अजून गेलेला नाही. पण परवा बैठकीत तिनंच ताईंना विचारलं, "कुत्र्यांना लस कधी टोचायची?"

बोलणं तरी सुरू झालं!