कोयता, खाडा आणि ‘पिशवी’

१/ बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची. खाडा झाला तर दंड. पाळीच्या दुखण्याला या हिशेबात जागा नसल्याने अनेकींनी ऐन तारुण्यात ‘पिशवी काढली’.

२/ २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याची चौकशी केली. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांत एक.

३/ ‘पिशवी’ या एका शब्दाआड अवयव मात्र दोन आहेत. गर्भाशय काढले की पाळी थांबते. दोन्ही अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोतच संपतो आणि रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंडाशये राखली तरी ती काही वर्षे आधी थकण्याचा संभव असतो.

४/ या अकाली रजोनिवृत्तीला एकेकाळी उपचारच मानले जाई. १८७२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने पाळीच्या असह्य त्रासावर एका तरुणीची दोन्ही अंडाशये काढली. पुढे ‘उन्मादा’वरही ही शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली.

५/ अंडाशयाचे खरे कार्य नंतर उलगडले. १८९६ मध्ये व्हिएन्नात एमिल क्नाउअर यांनी सशांची अंडाशये काढून शरीरात अन्यत्र रोपली; गर्भाशय सुकले नाही. अंडाशयातून रक्तात काही द्रव्य स्रवते, हा त्याचा अर्थ. १९२९ मध्ये एस्ट्रोन शुद्ध रूपात हाती आले.

६/ बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी रजोनिवृत्ती आणि हाडांची झीज यांचा संबंध दाखवला. १९४२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेविनाच तरुणपणी अंडाशये निकामी होणाऱ्या स्त्रियांचे वर्णन केले.

७/ चाळिशीपूर्वी अंडाशये थांबली, तर हाडे आणि हृदय दोन्हींना धोका वाढतो. म्हणून स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसल्यास, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन बाहेरून देतात. जोडीला कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी. कंबर दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या घेत राहणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

८/ बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले.

९/ ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली, त्यांचा प्रश्न मात्र उरतोच. अंडाशये राहिली की गेली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. पुढचा उपचार त्या एका ओळीवर ठरतो. म्हणून घरातल्या आई-मावशीचा तो कागद जपून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.