पोशाख नेमका कोणत्या काळाचा?

तलवारबाजीच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकांचे मूळ पोशाख काचेआड मांडण्याची प्रथा पाश्चात्य देशांत रुजली आहे. १९५७ ते १९५९ या काळातील ‘झोरो’ मालिकेतल्या काळ्या झग्याची मोहिनी अजून ओसरलेली नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ (१९८८) मधील शिवाजी महाराजांचा किंवा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७–२०२०) मधील शंभूराजांचा अंगरखा असा मांडला, तर आपल्याकडेही रांगा लागतील. प्रश्न एवढाच, की त्यात ‘मूळ’ म्हणजे काय?

हा प्रश्न बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात उभे राहून विचारावा, असे आम्हांस वाटते. सोळाव्या शतकात सिंधमधून आलेले विद्वान आणि सूफी या नगरीत स्थिरावले. पुऱ्याचे नाव त्या स्थलांतराची आठवण देते. १६०१ मध्ये खानदेश अकबराच्या ताब्यात गेला आणि बुऱ्हाणपूर दख्खनच्या मोगली कारभाराचे ठाणे झाले. येथील तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नोंदवले आहे. त्यातील एक प्रकार मुळीच रंगवीत नसत. शुभ्र पोतातून सोन्याचांदीच्या तारांची एकदोन रेघा तेवढ्या धावत.

ते कापड गेले कुठे? सुती वस्त्र वापराने, दमटपणाने आणि कसरीने संपते. जरीचे दैव याहून विपरीत. जुनी पैठणी किंवा शालू जाळून त्यातील चांदी काढून घेण्याची रीत आपल्या घरांतही होतीच. ज्या वस्त्रात मोल अधिक, ते नाहीसे होण्याचा संभवही अधिक! १६८१ च्या आरंभी मराठी फौजांनी बुऱ्हाणपूरचे पुरे लुटले. त्या स्वारीची कथा आपण घोड्यांच्या टापांनी आणि तलवारींनी सांगतो. ज्या व्यापारामुळे ही पेठ एवढी धनाढ्य झाली, त्यातील विणकराचे नाव कोणी घेत नाही.

वेशभूषाकार लघुचित्रांचा आधार घेतो. चित्रावरून जाम्याचा घेर आणि पटक्याची नक्षी कळते. कापडाचा भार आणि त्याची पडण कळत नाही. ती उणीव आजचे सूत, कृत्रिम जर आणि शिंप्याचे कौशल्य भरून काढतात. म्हणून मालिकेतील अंगरखा सतराव्या शतकाचा साक्षीदार नव्हे. तो शिवला गेला, त्या काळाचा आहे. आपल्या पिढीने इतिहास कसा कल्पिला, याचा तो अस्सल पुरावा आहे आणि तेवढ्यासाठी जपण्याजोगाही आहे.

मात्र तो मांडताना फलकावर केवळ नटाचे नाव पुरेसे नाही. कापड कोणते, शिवले कोणी, कोणत्या साली, हेही लिहावे. बुऱ्हाणपुरात आज यंत्रमाग धडधडतात. जुन्या विणकरांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत. निदान आजच्या शिंप्याची तरी लिहिली जावीत.