हृदयशिंपले व महाशिंपले

मृदुकाय संघाच्या द्विपुट वर्गातील कार्डिइडी कुलाचे सागरी प्राणी. हे कुल लामार्क यांनी १८०९ मध्ये मांडले. पूर्वी स्वतंत्र मानलेले महाशिंपल्यांचे कुल आता त्याचे उपकुल गणतात. हृदयशिंपल्याची पुटे सारखी, फुगीर, कडेने पाहता हृदयाकृती व अरीय कंगोऱ्यांची असतात. महाशिंपल्याची पुटे जाड, त्यांच्या कडा नागमोडी. ‘ट्रायडॅक्ना जायगस’ १ मी.हून लांब, २०० किग्रॅ.हून जड होतो. प्रावारातील सहजीवी शैवले प्रकाशसंश्लेषणाने त्याला अन्न पुरवतात. भारतात महाशिंपले लक्षद्वीप व अंदमान-निकोबारच्या प्रवाळभित्तींवर आढळतात [→ प्रवाळ]. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार काही जाती संरक्षित आहेत. गणपतीपुळे परिसरात खाल्ल्या जाणाऱ्या तिसऱ्या मात्र व्हेनेरिडी कुलातील होत [→ तिसऱ्या].