डी ड्राइव्ह जागेवरच असतो

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्यानंतर सात महिन्यांनी, मार्च १९८३ मध्ये, आयबीएमनं पीसी एक्सटी बाजारात आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि तिचे जास्तीत जास्त चार भाग पाडायची सोय होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी पार्टिशन म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी जिल्ह्याचंच उदाहरण देतो. जमीन तीच राहते, गावं जागची हलत नाहीत, फक्त कुठलं गाव कुणाच्या दप्तरात ते बदलतं. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो. हा भाग इथून सुरू, इथे संपला, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

आपल्याकडे या सोयीची एक घरगुती रीत पडली. असेंबल केलेला पीसी घेतला की दुकानदार न विचारता दोन-तीन भाग पाडून द्यायचा. सी मध्ये विंडोज, डी मध्ये आपलं सामान. विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचा, डी ला हात लावायचा नाही. नांदेड काय, लातूर काय, हा नियम सगळ्यांना पाठ. (सुरुवात सी पासून का? तर ए आणि बी फ्लॉपीसाठी राखीव होते. फ्लॉपी गेली, अक्षरं मोकळीच राहिली.)

प्रत्येक डिस्कला वेगळं अक्षर द्यायची ही सवय डॉसला सीपी/एम या जुन्या सिस्टिमकडून लागली. युनिक्समध्ये ती नाहीच. तिथे सगळ्या फाइल्सचं एकच झाड असतं. झाडापेक्षा मला लातूरची गंजगोलाई जास्त पटते. मधोमध गोलाई, तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. नवी डिस्क आली म्हणजे लांबचं एक गाव आलं. ते आधीपासून आहेच, पण गोलाईपर्यंत रस्ता नाही. तो रस्ता जोडायच्या कामाला माउंट म्हणतात. शब्द त्याहून जुना आहे. मोठ्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर टेपचं रीळ हातानं चढवायचे, त्या काळातला. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये ही आज्ञा आहे. १९७४ च्या प्रसिद्ध लेखात रिची आणि थॉम्पसन सांगतात की त्यांच्या मशीनवर लोकांना स्वतःचे डिस्क पॅक आणून जोडता यायचे. म्हणजे सिस्टिम एकीकडे, माणसाचं सामान दुसरीकडे, हा विचार तेव्हापासूनचा.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी पपी लिनक्स काढलं. नाव त्यांच्या चिवावा कुत्र्यावरून. अख्खी सिस्टिम अगदी छोटी. सीडीवरून ती सगळी रॅममध्ये चढते आणि मग सीडी बाहेर काढली तरी चालू राहते. हार्ड डिस्कची तिला गरजच नाही. डेस्कटॉपच्या खालच्या बाजूला डिस्कच्या प्रत्येक भागाचं एकेक चित्र दिसतं. त्यावर क्लिक केलं की तो भाग माउंट होतो आणि फोल्डर उघडतो. सीडी-अक्षरांवर वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा इथे बिचकायला होतं, कारण डी कुठेच दिसत नाही. त्याच्या जागी एसडीए५ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. आकार बघून ओळखायचं.

माझ्या मामांचं लातुरात डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका, दोन-तीन कवींचे न छापलेले संग्रह. २०१७ च्या दिवाळीत मी हॉस्टेलवरून तिकडे गेलो, तेव्हा लाइट गेल्याचं निमित्त होऊन एक्सपी सुरूच होत नव्हतं. दुरुस्तीवाल्यानं पूर्ण डिस्क फॉरमॅट करावी लागेल असं सांगून ठेवलेलं. मामा म्हणाले, "पंधरा वर्षांचं सगळं गेलं की रे." ५१२ एमबी रॅमचं ते मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू होईना, म्हणून सीडी जाळली. दहा मिनिटांत डी समोर. फक्त वाचण्यापुरता माउंट झाला होता, पण कॉपी करायला तेवढं पुरतं.

ते इतकं सोपं वाटलं त्यामागे बरीच वर्षं आहेत. एनटीएफएस ही फाइल ठेवायची पद्धत विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आली, पण तिची आतली रचना मायक्रोसॉफ्टनं खुली केली नाही. लिनक्सवाल्यांनी ती उलटीकडून उकलत नेली. वाचणं आधी जमलं, लिहिणं बराच काळ धोक्याचं राहिलं. त्यावर भरवसा ठेवता यावा अशी एनटीएफएस-थ्रीजी ची पहिली स्थिर आवृत्ती आली फेब्रुवारी २००७ मध्ये. नंतर २०१२ च्या विंडोज ८ नं वेगळीच पाचर मारली. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केलेलं विंडोज खरं अर्धवट झोपलेलं असतं. अशा डिस्कवर बाहेरून लिहिलं तर घोटाळा होतो, म्हणून लिनक्स ती लिहिण्यासाठी उघडायला नकार देतं. जबरदस्तीचे पर्याय इंटरनेटवर भरपूर सापडतील. ते करण्यापेक्षा विंडोज शिफ्ट दाबून शट डाउन करा.

आणखी एक गोष्ट मामांनीच विचारली: "पासवर्ड होता की त्याला, मग उघडलं कसं?" प्रश्न अगदी रास्त. विंडोजचा पासवर्ड विंडोजच्या दाराला असतो. पपी त्या दारातून जातच नाही, आणि तिथे आपण थेट रूट म्हणून वावरतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर तुमचा जुना लॅपटॉप ज्याच्या टेबलावर आहे, त्याला तुमचे फोटो उघडायला एक सीडी पुरते. जुनं मशीन विकताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

फाइल्स मिळाल्या, पण वाचता येईनात. पेजमेकरच्या फाइल्स, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. आत मजकूर जुन्या फॉन्टमधला. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट नसेल तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण डीटीपीच्या दुकानांत ती यायला फार वेळ लागला. शेवटी मामांनी ओळखीच्या दुसऱ्या दुकानातलं तेच फॉन्ट असलेलं मशीन रविवारी-रविवारी मागून घेतलं आणि एकेक फाइल उघडून तिची पीडीएफ केली. आधी कवितांचे संग्रह, मग स्मरणिका. लग्नपत्रिकांना अजून हात लागलेला नाही.