समुद्राला दोन महिने, उंबरठ्याला पाच वर्षं



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपण साऱ्याजणी कामासाठी, दवाखान्यासाठी कल्याणला जातोच. त्याच कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या पहिल्या मराठी बाई म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. आज आम्ही त्यांच्या प्रवासाला लागलेल्या वेळाबद्दल बोलणार आहोत.

त्यांचं माहेरचं नाव यमुना, जन्म १८६५ चा. त्या काळी उल्हासनगर वसलेलंही नव्हतं. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाई पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायला लाजते, म्हणून बाईनेच डॉक्टर व्हायला हवं, हे त्यांच्या मनाने घेतलं.

गोपाळरावांनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. ख्रिस्ती व्हा, असा सल्ला मिळाला. तो दोघांनाही मान्य नव्हता. ते पत्र मिशनच्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं. त्यांनी आपणहून पत्र धाडलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

इकडे लोकांची बोलणी थांबत नव्हती. हातात पुस्तक घेऊन रस्त्याने चालणारी बाई दिसली की लोक हसत, टोमणे मारत. परदेशी गेली तर धर्म बुडेल, जात वाळीत टाकेल, अशी भीती. शेवटी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालात श्रीरामपूरला आनंदीबाई भरसभेत उभ्या राहिल्या. एकेका आक्षेपाला उत्तर दिलं आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं सांगितलं. तेव्हा त्यांना अठरावंही पुरं नव्हतं.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे एवढा समुद्र ५८ दिवसांत ओलांडला. पहिल्या पत्रापासून बोटीत पाय ठेवीपर्यंत मात्र जवळजवळ पाच वर्षं गेली होती.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी लुगडं सोडलं नाही, शाकाहार सोडला नाही. तिथली थंडी सोसवेना, तब्येत खालावली. तरी हिंदू बायकांच्या बाळंतपणावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण त्या परतल्या त्या क्षयाने खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीसही पुरी नव्हती. ज्या बायांसाठी शिकल्या, त्यांची सेवा करायला वेळच उरला नाही.

पुढे रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेला कितीतरी वर्षं बायांवर उपचार केले.

मैत्रिणींनो, आज कॉलेजला जायला लोकल आहे. तरी नर्सिंगला जायचंय म्हणणाऱ्या पोरीला आपण अजून म्हणतो, "बघू, पुढच्या वर्षी." लोक काय म्हणतील, म्हणून. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोलूया : आपल्या गावात अशी कोण पोर थांबून राहिली आहे, आणि तिच्या घरी बोलायला आपल्यापैकी कोण जाणार?