काचेतील पेशी आणि मज्जेतील पेशी

रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास बहुधा पेशींचाच इतिहास म्हणून लिहिला जातो. विरखोव्हने १८४७ मध्ये या विकारास ‘ल्युकेमिया’ ही संज्ञा दिली. १८६८ मध्ये नॉयमानने रक्तपेशी अस्थिमज्जेत जन्मतात असे दाखविले. पेशीचे घर असे ठाऊक झाले, परंतु त्या घराची पेशीवर सत्ता किती चालते हा प्रश्न शतकभर मागे राहिला. याचे एक कारण संशोधकांच्या हाती आलेले साधनच होय.

ते साधन म्हणजे ऊतिसंवर्धन. भारतातील त्याची पहिली प्रयोगशाळा मुंबईत, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, डॉ. कमल रणदिवे यांनी उभारली. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व नंतर बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे हे तंत्र आत्मसात केले. काचपात्रात पेशी एकाकी असते, म्हणूनच ती नेमकेपणाने तपासता येते. मात्र रणदिवे यांनी उंदरांवरील प्रयोग सोडले नाहीत. कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी सजीव देहात शोधला. संप्रेरक पेशीकडे बाहेरूनच येते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

१९७७ मध्ये मँचेस्टर येथे डेक्स्टर यांनी मज्जेतील आधारपेशींचा थर पात्रातच वाढविला, तेव्हा त्यावर रक्तनिर्मिती कित्येक महिने टिकली. पुढच्याच वर्षी स्कोफिल्ड यांनी मूलपेशीचे गुणधर्म तिच्या स्थानावर अवलंबून असतात असे प्रतिपादिले. आधारपेशींशी संपर्क येताच ल्युकेमियाच्या पेशींतील जनुकांची अभिव्यक्ती पालटते, मृत्यू टाळणारी जनुके अधिक कार्यरत होतात, हे त्यानंतर उघड झाले.

अ‍ॅस्पॅराजिनेज या औषधाचे उदाहरण बोलके आहे. लसिकापेशींच्या तीव्र ल्युकेमियातील पेशी अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल स्वतः अल्पच बनवितात. औषध ते रक्तातून नाहीसे करते आणि त्या उपासमारीने मरतात. एकाकी पेशींवर हा हिशेब चोख जुळतो. मज्जेतील आधारपेशी मात्र तेच आम्ल शेजाऱ्यांना पुरवू शकतात, असे २००७ मध्ये दिसून आले. जनुकांचा तक्ता हाती घेताना पेशी कोठून आणल्या होत्या हे विचारणे त्यामुळे रुग्णाच्या उपचाराशी निगडित ठरते.

उंदीरही निर्दोष साक्षीदार नव्हे. त्याचे काही वृद्धिकारक घटक मानवी पेशींना ओळखू येत नाहीत. म्हणून आज मानवी जनुके घातलेले उंदीर तयार करून त्यांच्या मज्जेत रुग्णांच्या पेशी वाढविल्या जातात.